शिळा आवाज

"आरं, तुझा फोन शिळं वाजवायलाय."

२०१८चा मार्च महिना. मुदखेडजवळच्या आमच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ताह तोंडावर आला होता आणि मामांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. मोटरसायकलवरून पडले होते. मामा आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवादक. तीसेक वर्षांत सप्ताहातलं एकही कीर्तन त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलेलं नव्हतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि त्या वयात वाटतं तसं मला वाटत होतं, की जगातला कुठलाही प्रश्न अ‍ॅप काढून सुटतो.

माझी कल्पना सोपी होती. मृदंगाच्या डाव्या पुडीचा, कणीक लावलेल्या बाजूचा तो घुमणारा बोल आधीच रेकॉर्ड करून फोनमध्ये ठेवायचा. मामा उजव्या हाताने मृदंगावर वाजवतील. शेजारी बसलेलं कुणीतरी फोनच्या पडद्यावर बोट मारेल आणि डाव्याचा आवाज स्पीकरमधून येईल. एका रात्रीत अ‍ॅप तयार झालं. मामांच्याच फोनवर टाकलं. फोन स्वस्तातला होता, अँड्रॉइड ५.१चा. मामांनी ठेका धरला, मी बोट मारू लागलो, आणि चार आवर्तनांत त्यांनी हात थांबवून वरचं वाक्य म्हटलं.

शिळं. बेसूर नाही, बेताल नाही. मी बोट बरोबर जागी मारत होतो, हे त्यांना दिसत होतं. आवाजही त्यांच्याच मृदंगाचा होता. पण तो येत होता उशिरा, सकाळची भाकरी संध्याकाळी ताटात यावी तसा. पुढे नोकरीला लागल्यावर मला कळलं, की मामांनी एका शब्दात सांगितलेल्या या गोष्टीवर जगभरातल्या प्रोग्रामर लोकांनी जवळपास दहा वर्षं घालवली होती. इंग्रजीत तिला लेटन्सी म्हणतात. आपण दिरंगाई म्हणू.

त्या रात्री मी दिरंगाई मोजली. पद्धत घरगुती आहे, तुम्हीही करून बघू शकता. दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावायचा, पहिल्या फोनच्या काचेवर नखाने टक् करून बोट मारायचं. रेकॉर्डिंगमध्ये आधी नखाचा आवाज दिसतो, मग स्पीकरमधला बोल. दोन्हींमधलं अंतर म्हणजे तुमच्या फोनची दिरंगाई. मामांच्या फोनवर ते १८० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं.

हा आकडा मोठा की छोटा, हे अंतरात मोजलं तर कळतं. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे वादक तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसला असेल, तर त्याचा आवाज तुम्हाला १० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि एवढं कुणाला जाणवत नाही. मंडपात टाळकरी आणि मृदंगवादक यांच्यात इतकं अंतर असतंच. १८० मिलिसेकंद म्हणजे साठ मीटर. डाव्या पुडीवाला मंडप सोडून पार रस्त्यापलीकडे बसल्यासारखा. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. म्हणजे आमचा बोल अर्धी मात्रा ओलांडून येत होता. गजर चढल्यावर त्याचं काय होणार, ते सांगायला नको.

आता थोडं मागे जाऊ, कारण संगीतात यंत्र येण्याची गोष्ट फोनपासून सुरू होत नाही.

आपण जिला पेटी म्हणतो, त्या हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबॅंने १८४२मध्ये घेतलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी हाताच्या भात्याचं रूप दिलं, आणि मग ती नाटकात, कीर्तनात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, सगळीकडे गेली. तरीही ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१च्या सुमारास अंशतः उठली. आक्षेप असा, की पेटीत सूर ठोकून बसवलेले असतात, मींड निघत नाही. थोडक्यात, पेटीचं भांडण सुराशी होतं. फोनचं भांडण वेळेशी आहे. फोनला सूर कुठलाही देता येतो, अगदी श्रुतीच्या अंशापर्यंत. तो वेळेवर देता येतो का, एवढाच वाद.

या दोघांच्या मध्ये एक डबा येऊन गेला. १९७९मध्ये बंगळूरुच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. ते इंजिनिअर आणि बासरीवादकही. त्यांच्या राडेल कंपनीचे तानपुऱ्याचे आणि तबल्याचे डबे पुढे घरोघरी गेले. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी केलेल्या तानपुऱ्याशी त्या आवाजाची तुलना कुणी करत नाही. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) पण डबा पिशवीत मावतो, त्याचा भोपळा एसटीत फुटत नाही आणि लोडशेडिंगमध्ये तो सेलवर चालतो. आमच्या भागात या तीन गोष्टी आवाजाच्या गोडव्याइतक्याच मोठ्या होत्या.

त्या डब्यात एक गोष्ट होती, जी मला फार उशिरा कळली. त्याला दिरंगाईचा प्रश्नच नव्हता. तानपुरा कुणाची वाट पाहत नाही. बटण दाबल्यावर तो अर्ध्या सेकंदाने सुरू झाला तरी काही बिघडत नाही, कारण तो वाजत राहतो आणि गाणारा त्यात शिरतो. तबल्याच्या डब्याचंही तेच. यंत्र लय धरतं, माणूस तिच्यामागे जातो.

म्हणून स्टेजवरच्या संगीताच्या अ‍ॅपकडे मी तीन वाटांनी बघतो. पहिल्या वाटेत यंत्र आपलं आपण वाजतं, जसा तानपुरा, जसा ठेका. दुसरीत बोट लावलं की आवाज यायला हवा, जसा कीबोर्ड, ऑक्टापॅड किंवा आमचं ते डाव्या पुडीचं अ‍ॅप. तिसरी सगळ्यांत अवघड. तीत फोनने आधी गाणाऱ्याचं ऐकायचं, समजून घ्यायचं आणि लगेच साथ द्यायची. आत येतानाची दिरंगाई अधिक बाहेर जातानाची दिरंगाई. कुठला प्लॅटफॉर्म चांगला, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, तुमची वाट कुठली?

प्लॅटफॉर्म हा शब्द मुदखेडच्या पोराला आधी रेल्वेचाच आठवतो. आमचं स्टेशन जंक्शन आहे, आदिलाबादची लाइन इथूनच फुटते. निजामाच्या काळात हैदराबादहून मनमाडला गेलेली ही लाइन मीटर गेज होती, दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला मुंबईची मोठी लाइन लागायची, १६७६ मिलिमीटरची. डबे पुढे जाऊ शकत नसत. हमालांनी एका गाडीतला माल काढून दुसऱ्या गाडीत भरायचा. आयफोनसाठी लिहिलेलं अ‍ॅप अँड्रॉइडवर नेणं म्हणजे मनमाडची हमाली. पडदे, बटणं, रंग हा माल सहज उतरतो आणि चढतो. आवाजाचा माल मात्र वाटेत सांडायचा, कारण दोन्हीकडचे रूळच वेगळे होते.

आयफोन २००७मध्ये आला आणि अ‍ॅप स्टोअर जुलै २००८मध्ये उघडलं. अ‍ॅपलकडे मॅक संगणकांसाठी लिहिलेली कोअर ऑडिओ नावाची आवाजाची यंत्रणा आधीपासून होती, आणि मॅक तर रेकॉर्डिंग स्टुडिओत वर्षानुवर्षं राबत होते. तीच यंत्रणा फोनमध्ये आली. फोनचे प्रकार मोजके, आतल्या चिप कंपनीने स्वतः निवडलेल्या. परिणाम लगेच दिसला. अ‍ॅप स्टोअर उघडून चार-पाच महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर २००८मध्ये, स्म्यूल कंपनीने ओकारिना नावाचं अ‍ॅप काढलं. फोनच्या माइकमध्ये फुंकर घालायची, पडद्यावरच्या चार भोकांवर बोटं ठेवायची, आणि फोन बासरीसारखा वाजायचा. फुंकर आणि सूर यांत फट जाणवली असती, तर ते खेळणंसुद्धा झालं नसतं.

अँड्रॉइडचा पहिला फोनही २००८चाच. पण त्याची घडण वेगळी होती. फोन कुणीही बनवावा, चिप कुणाचीही असावी, किंमत कितीही खाली जावी, यासाठी तो केलेला. त्यामुळेच तो मामांच्या खिशात आला, हे विसरून चालणार नाही. पण त्यात आवाज अ‍ॅपमधून निघून स्पीकरपर्यंत जाताना तहसीलमधल्या फाइलसारखा टेबलाटेबलावर थांबायचा, आणि प्रत्येक टेबलावर एक बफर.

बफर म्हणजे काय, हे लातूरच्या पाण्याच्या गाडीवरून सांगतो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. सुरुवातीला दहा टँकर-डबे, पुढे पन्नास. नळाचं पाणी थेंब थेंब येतं पण उघडला की लगेच येतं. गाडीचं पाणी एकदम भरपूर येतं, पण भरायला वेळ, यायला वेळ, उतरवायला वेळ. फोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० थेंब लागतात. २५६ थेंबांचा छोटा तांब्या भरून पुढे दिला, तर दिरंगाई ५.८ मिलिसेकंद. ४,०९६ थेंबांची घागर भरेपर्यंत थांबलात, तर ९३. मग सगळे तांब्याच का वापरत नाहीत? कारण तांब्या घेऊन धावणारा क्षणभर दुसऱ्या कामात अडकला, की पाणी तुटतं आणि स्पीकरमधून कट् कट् आवाज येतो. फोन बनवणाऱ्याला स्वतःच्या चिपवर भरवसा नसेल तर तो घागरच ठेवतो. गाणं ऐकणाऱ्याला, पिक्चर बघणाऱ्याला काही फरक पडत नाही. वाजवणाऱ्याला पडतो, पण फोनच्या बाजारात वाजवणारे कितीसे?

तरी ते ओरडत राहिले. २००९मध्ये अँड्रॉइडच्या जाहीर तक्रार-यादीत ३४३४ क्रमांकाची नोंद झाली. मागणी एकच, कमी दिरंगाईचा आवाज द्या. वर्षानुवर्षं लोक तिच्याखाली आपली हळहळ लिहीत गेले. त्या काळच्या अँड्रॉइड फोनमध्ये आवाज माइकमधून आत जाऊन स्पीकरमधून परत येईपर्यंत ३०० मिलिसेकंदही उलटून जायचे. मामांच्या भाषेत, आंबायचं. इकडे आयफोन-आयपॅडवर नोव्हेंबर २०१०मध्ये मिडी आलं, म्हणजे बाहेरचा कीबोर्ड किंवा पॅड जोडायची सोय, आणि मार्च २०११मध्ये आयपॅडसाठी गॅरेजबँड. अँड्रॉइडला मिडीची अधिकृत सोय व्हायला ६.० आवृत्ती, म्हणजे २०१५ साल उजाडलं. मिडी हे मानक मुळात १९८३चं, हे लक्षात घेतलं की हसू येतं.

मधल्या काळात अँड्रॉइडवाले झोपले नव्हते. २०१२च्या ४.१ आवृत्तीत आवाजाला जलद वाट काढून दिली. २०१५मध्ये आतबाहेरची फेरी २० मिलिसेकंदांत पुरी करणाऱ्या फोनला 'प्रो ऑडिओ' म्हणवून घ्यायची मुभा दिली. २०१७च्या ८.० आवृत्तीत ए-ऑडिओ ही नवी यंत्रणा आली, आणि २०१८मध्ये ओबो, जुन्या-नव्या दोन्ही फोनांवर जमेल ती सर्वांत जलद वाट निवडणारी फुकट लायब्ररी. २०२१मध्ये गुगलने सांगितलं, की सर्वाधिक खपाच्या अँड्रॉइड फोनांची सरासरी दिरंगाई २०१७मध्ये १०९ मिलिसेकंद होती, ती ३९वर आली. तारखा बघा. मी मार्च २०१८मध्ये ५.१ आवृत्तीवर झगडत होतो. बाजारात ८.० आली होती, मुदखेडात यायची होती.

या साऱ्याचा आपल्या संगीतावर काय परिणाम झाला? पहिल्या वाटेवर फारसा नाही. आयफोनवर प्रसाद उपासनी यांचं आयतबलाप्रो आलं, त्यात तानपुरा, तबला, लेहरा सगळं एका जागी. शास्त्रीय गाणाऱ्यांत ते इतकं रुजलं, की मैफलीत गायकाच्या मांडीशी आयपॅड दिसणं नवलाचं राहिलं नाही. ते अँड्रॉइडवर नाही म्हणून विद्यार्थी हळहळतात. पण तानपुऱ्याची इतर अ‍ॅप अँड्रॉइडवर ढिगाने आली आणि २०१६मध्ये जिओ आल्यावर तर आमच्या गावातल्या प्रत्येक भजनी मंडळाच्या एका तरी फोनवर उतरली. वाट पहिली असली, की स्वस्त फोनही पुरतो. भांडण असतं ते फक्त पट्टीच्या नावाचं. अ‍ॅपमध्ये सी शार्प लिहिलेलं असतं, आणि मंडपातून हाक येते, "काळी एक लाव रे."

तिसऱ्या वाटेवरचं सर्वांत मोठं काम पुण्यात झालं. संदीप राणडे हे पं. जसराज यांचे शिष्य आणि पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यांचं 'नादसाधना' तुम्ही गाताना ऐकतं, सूर किती चढा, किती उतरा लागला ते त्याच क्षणी दाखवतं, आणि गाण्यासोबत वाद्यमेळ उभा करतं. २०२१मध्ये त्याला अ‍ॅपल डिझाइन अवॉर्ड मिळालं, नावीन्याच्या गटात. ते अ‍ॅपलच्या उपकरणांसाठीच केलेलं आहे. त्यांनी तसं का केलं, यावर मी बोलणार नाही. मी केलं असतं तर कारण सरळ होतं. ऐकून साथ देणाऱ्या यंत्राला रियाज करणारा माणूस पुढच्या स्वरावर जायच्या आत उत्तर द्यायचं असतं, आणि हजार प्रकारच्या फोनांवर ती हमी देणं तेव्हा कुणालाच शक्य नव्हतं.

माझी तक्रार निवड करणाऱ्यांबद्दल नाही. तक्रार अशी, की वाजवणाऱ्याच्या हाताला दाद देणारा फोन ज्याच्या खिशात, त्याच्या खिशात बहुधा खरं वाद्यही होतं. ज्याला खरं वाद्य परवडत नव्हतं, त्या पोराच्या फोनवर ते उशिरा वाजायचं. गावातल्या एका मुलाला मी फोनवर तबल्याचं अ‍ॅप वाजवताना पाहिलंय. तो बोट आधी मारायला शिकला होता. फोनचा उशीर बोटांनीच वजा करायचा. पुढे त्याच्यासमोर खरा तबला आला, तेव्हा तो प्रत्येक बोल घाईने वाजवू लागला. ती खोड मोडायला मामांना दोन महिने लागले.

मात्र सगळी सरशी आयफोनची झाली, असंही नाही. २०१६मध्ये आयफोन ७मधून हेडफोनची पिन गेली. मंडपातल्या साउंडवाल्याकडे लांब वायर असते, तिच्या टोकाला तीच जुनी पिन. स्वस्त अँड्रॉइड फोनांत ती वर्षानुवर्षं टिकली, म्हणून मंडपात तेच कामाला आले. ब्लूटूथ स्पीकर जोडू का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. बिनतारी स्पीकर आपली शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर टाकतो, आणि तिथे आयफोन आणि अँड्रॉइड सारखेच शिळे. (तानपुरा असेल तर जोडा. पहिली वाट.)

२०१८च्या त्या आठवड्यात परत येतो. मी हट्टाला पेटलो होतो. नांदेडला मित्राच्या भावाकडे जुना आयफोन होता, तो दोन दिवसांसाठी मागून आणला. अ‍ॅप त्यावर नव्याने लिहिलं. नखाच्या चाचणीत ३५च्या आसपास आकडा आला. मामांनी ठेका धरला, मी बोट मारलं. त्यांनी मान हलवली. "हां, हे ताजं हाय." मग फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि किंमत विचारली. मी सांगितली. त्या पैशात मृदंग किती येतील, याचा हिशोब त्यांनी मोठ्याने केला आणि फोन मला परत दिला.

सप्ताहात शेवटी झालं ते असं. मामांचा बारा वर्षांचा मुलगा डावीकडे बसला. मामांनी एका हाताने कणीक मळली, त्याच्याकडून पुडीला लावून घेतली. एकाच मृदंगावर उजवीकडे बाप, डावीकडे पोरगा. पहिल्या दिवशी पोरगा मागे पडत होता. तिसऱ्या दिवसापासून तो फोनपेक्षा बरा होता, आणि काल्याच्या कीर्तनाला कुणाचं लक्षही गेलं नाही की हात दोन माणसांचे आहेत. मी पेटीवाल्यामागे बसून माझ्या फोनवर तानपुरा लावला होता, काळी चार.

गेल्या वर्षी ते डाव्या पुडीचं अ‍ॅप मी पुन्हा लिहिलं, ओबो वापरून. मामांचा नवा फोनही स्वस्तातलाच आहे. त्यावर ४५च्या आसपास दिरंगाई आली. मामांचा हात केव्हाच बरा झालाय, त्यामुळे अ‍ॅपची कुणाला गरज नव्हती, पण दाखवायला म्हणून गेलो. त्यांनी चार बोटं मारून पाहिली. "आता चालंल," म्हणाले. "पण कणीक कुठं लावायची?"

तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र मंडळात रोज वापरात आहे. त्यात मी पट्ट्यांची नावं बदलून काळी-पांढरी केली, तेव्हापासून माझ्याविषयी बरं बोललं जातं. एक चूक राहिली होती. भर गजरात फोन आला, तानपुरा गप्प झाला आणि पडद्यावर कर्जाची ऑफर देणाऱ्या कुणाचा तरी नंबर चमकू लागला. विणेकऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता अ‍ॅप उघडलं, की विमान मोड चालू आहे का ते आधी तपासतं, आणि नसेल तर सूर लावत नाही. हे अँड्रॉइडवर जमतं. आयफोन अ‍ॅपला ते विचारू देत नाही, तिथे नुसती सूचना दाखवून हात जोडावे लागतात.